सतरा बगळ्यांची बातमी

"तळ्यात पाणी नाही म्हणे! डोळे आहेत की खाचा?" राजे गजेंद्रराव सज्जातून गरजले. खाली तळं काठोकाठ चमचमत होतं आणि समोर रंगो बातमीदार कागद धरून उभा होता. त्यानं लिहून आणलं होतं, 'तळे गाळाने भरले आहे. पाणी वरवरचे आहे. चैत्रात गावाचा घसा कोरडा पडेल.'

बाकीच्या तिन्ही दरबारी बातमीदारांनी लिहिलं होतं, 'तळे तुडुंब!' ते तळ्याकडे कधी फिरकलेच नव्हते. कारभारी अंतोबा सांगत आणि हे बापडे उतरवून घेत. गाळ काढायचे मजूर अंतोबांनी दोन वर्षं स्वतःच्या आमराईत राबवले, हे मग लिहिणार कोण?

"याची लेखणी जप्त करा! कोणी शिकवलं रे तुला हे?"

"म्या शिकवलं, महाराज!" दारातून येसू भोईण पुढे आली. तिचा जन्म त्याच तळ्यात मासे धरण्यात गेला होता. "रंगोबा माज्यासंगं गाळात उतरले, मगच त्यांनी कागद काळा केला."

राजे महा हट्टी! "मग ऐक. उद्या याच तिघांनी भर दरबारात म्हटलं पाहिजे की तळ्यात पाणी नाही. तरच रंगोची लेखणी परत! पण कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, काठी बुडवायची नाही आणि तू त्यांना खोलीबद्दल चकार शब्द सांगायचा नाहीस!"

अंतोबा मिशीत हसले. रंगोचं तोंड एवढंसं झालं.

"जमंल की!" येसू म्हणाली. "तिघास्नी सकाळी तळ्यावर धाडा. पालखीतनं नगं, पायी!"

सकाळी तिनं तिघांना काठावरच्या दगडावर बसवलं.

"काय लिहायचं?" एकानं विचारलं.

"दिसंल त्ये."

"पण कारभारी म्हणतात..."

"कारभारी दिसत्यात का तळ्यात? न्हाई ना? मग नगा लिवू!"

दुपारी दरबार भरला. पहिल्यानं कमळं वाचली, दुसऱ्यानं शेवाळ. तिसरे तात्या वाचू लागले, "तळ्याच्या मधोमध बगळे उभे. मोजले, सतरा."

"हात्तिच्या! बगळ्यांची बातमी!" अंतोबा खो खो हसले.

येसूनं विचारलं, "तात्या, बगळं उभं व्हतं का पोहत व्हतं?"

"उभे! बगळा कधी पोहतो का?"

"आन् त्येंचं गुडघं दिसलं का?"

"दिसले की, अगदी कोर..." तात्यांनी जीभ चावली. मग ते एकदम ओरडले, "महाराज, तळ्यात पाणी नाही! वीतभर आहे नुसतं!"

"नाहीच, महाराज!" बाकीचे दोघेही म्हणाले.

राजे सज्जाकडे धावले. तळ्याच्या मध्यावरून एक बगळा खुशाल चालत निघाला होता! राजांना असं हसू फुटलं की पागोटं खाली पडलं. "रंगोची लेखणी द्या! आणि अंतोबा, उद्या गाळाची पहिली पाटी तुमच्या डोक्यावर! येसू, तुला काय हवं?"

"तळ्याकाठी बातमीदारांची शाळा! आन् नावडती बातमी आणली म्हून कुणाची लेखणी काढायची न्हाई."

"दिलं! पहिला विद्यार्थी कोण? रंगो?"

"रंगोबा तर मास्तर! पयले विद्यार्थी तुमी, महाराज. ह्या सज्जातनं रोज बगळं तुमीबी बघत व्हता की!"

राजे पोट धरून हसले, मोजड्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाले, "चला बाई, शाळा कधी भरते?"