कोपऱ्यातलं नाव

"चोरलंय! सरळ सरळ चोरलंय कुणीतरी."

"कुणी?"

"ते कळलं असतं तर त्याच्याच दारात नसते का गेले, चाचा?"

बाबालाल मुल्लाणी हसले. कोल्हापुरातल्या स्टुडिओंत त्यांनी चाळीस वर्षं सिनेमाची फिल्म कापली आणि जोडली. आता घराच्या पुढच्या खोलीत ते दोन जुन्या कॉम्प्युटरवर शिकवतात. येईल त्याला, फुकट. समोर तणतणणारी ऋजुताही इथंच शिकली. पुढं इंजिनिअर झाली.

"काय चोरलं?"

"माझा प्रोग्राम. व्हिडिओ कापायचा, जोडायचा, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायचा. दोन वर्षं खपले त्यासाठी. कुणीतरी नाव बदलून तोच लोकांना वाटतोय."

"तू तर फुकट दिला होतास."

"हो."

"प्रोग्रामचं आतलं लिखाण, तो कोडसुद्धा, उघडं ठेवलं होतंस. घ्या, बदला, वाटा म्हणून."

"हो, पण..."

"मग दिलास की नाही दिलास?"

ऋजुतानं लॅपटॉप उघडला.

"ही नवी आवृत्ती. आज दुपारी सगळ्यांसाठी सोडणार. आता प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात माझं नाव उमटेल. काढता येणार नाही. आणि लिखाण बंद. तुम्ही फक्त हो म्हणा."

चाचांनी खुर्ची पुढं ओढली.

"म्हणतो की. आधी चालवून दाखव."

भिंतीपाशी एक बाई बसल्या होत्या. मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या दळवीबाई. चाचांनी त्यांच्याकडे हात केला.

"बाई, तुमचा धडा द्या हिला."

बाईंनी पेनड्राइव्ह दिला. "बी कसं रुजतं, तो आहे. मुलांचे फोन जुने, त्यावर चालेल एवढा लहान करायचाय."

काम दोन मिनिटांत झालं. टिंग! घंटा वाजली. ऋजुतानं अभिमानानं व्हिडिओ लावला.

मोठ्या चित्रात माती, मातीत बी. उजवीकडं खाली, छोट्या चौकोनात, खुणांच्या भाषेत शिकवणाऱ्या दळवीबाई. त्यांच्या हातांवर ठळक अक्षरांत ऋजुताचं नाव.

"अगं बाई," दळवीबाई पुढं झुकल्या. "माझी बोटंच गेली की! पोरांना पाणी कुठलं आणि माती कुठली, कळायचं कसं?"

"सरकवते."

डावीकडं खाली नेलं. बी झाकलं गेलं.

डावीकडं वर नेलं. तिथं धड्याचा मथळा होता.

उजवीकडं वर नेलं. तिथं कोंब यायचा होता.

"कुठं ठेवू?" ती चिडून म्हणाली.

चाचा म्हणाले, "जिथं कुणाचं काही झाकणार नाही, तिथं ठेव."

ऋजुतानं नाव परत उजवीकडं खाली आणलं.

"बाई, एरवी तुम्ही कशावर करता हे?" चाचांनी विचारलं.

"आमचं आहे ना एक. आज हार्ड डिस्क कुरकुरत होती म्हणून तुमच्याकडं आले. पण चालू होतंय." बाईंनी पिशवीतून शाळेचा लॅपटॉप काढला आणि तोच धडा त्यावर लावला.

ऋजुता ताडकन उठली. "हाच! हाच तो! बटणांची जागासुद्धा माझीच आहे. फक्त नाव..."

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

काम संपत आलं. ती घंटेची वाट बघत होती. घंटा वाजली नाही.

अख्खा पडदा पिवळाधमक झाला.

"हे काय?"

"झालं काम," बाई म्हणाल्या. "आधीच्या प्रोग्राममध्ये घंटा वाजायची. आमची पोरं व्हिडिओ बदलायला टाकून आपली बसून राहायची. कधी संपलं ते कळायचंच नाही. मग कुणीतरी हे केलं. आता पिवळं झालं की पोरं उड्या मारतात."

ऋजुता हळूच खाली बसली.

घंटा तिनंच निवडली होती. तीन दिवस वेगवेगळे आवाज ऐकून, मैत्रिणींना ऐकवून.

"याचं लिखाण कुठं मिळेल?" तिनं विचारलं.

"उघडंच आहे की. आमचा आठवीतला श्रीधर रोज उचकून बघतो. अजून काहीतरी घालायचं म्हणतो."

तिनं शोधलं. सापडलं. तिच्या हजारो ओळींमध्ये कुणीतरी पडदा पिवळा करणाऱ्या अकरा ओळी घातल्या होत्या. ती त्या वाचत राहिली. पुन्हा वाचल्या. मग त्या अकरा ओळी उचलल्या आणि आपल्या नव्या आवृत्तीत टाकल्या.

"विचारलंस का त्याला?" चाचा म्हणाले.

"नाही... उघडंच होतं."

चाचा मिश्किल हसले.

ऋजुताचे कान लाल झाले. तिनं कोपऱ्यातलं नाव काढून टाकलं. लिखाण पुन्हा उघडं केलं. धडा नव्यानं लावला. या वेळी तिचाही पडदा पिवळा झाला आणि बाईंची दहाही बोटं दिसली.

"सोडू?" तिनं विचारलं.

"दुपारी सोडणार होतीस ना?"

"आत्ताच सोडते."

तिनं बटण दाबलं.

दळवीबाई पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवत उठल्या. दोघांमध्ये काय झालं हे त्यांच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. चपला घालताना त्या सहज म्हणाल्या, "हा पिवळा पडदा ज्यानं बनवला ना, त्याला आमची पोरं शोधताहेत. म्हणतात, नक्की त्यालाही ऐकू येत नसणार, आपल्यातलाच आहे तो."