शीव सरकवा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. सावळदऱ्यात ज्याला विचाराल तो पणजोबाच्या पणजोबापर्यंत मोजतो आणि मग त्याची बोटं संपतात.

तेव्हा या गावाला दोन कडा होत्या. एक वेस, म्हणजे गावकुसाचा दरवाजा. दुसरी शीव, पार रानाच्या टोकाला, जिथं आपली जमीन संपते आणि खैरवणची सुरू होते. या दोहोंच्या मधे, वेशीच्या बाहेर आणि शिवेच्या आत, येसकराची वस्ती होती. गावाची राखण येसकरानं करायची आणि राहायचं मात्र गावाबाहेर, असा तेव्हाचा शहाणपणा.

त्या येसकराचं नाव धोंडनाक. शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड उभा होता, बारा गड्यांनाही न हलणारा. बांधावरून दोन गावांत भांडण लागलं की येसकरानं डोक्यावर शिवेची माती घेऊन चालायचं. तो चालेल ती शीव. मात्र खोटा चालला तर नऊ दिवसांत मरतो, असं म्हणतात. धोंडनाक तीनदा चालला होता आणि तिन्ही वेळा जिवंत राहिला होता, म्हणून शिवेच्या बाबतीत त्याच्यापुढं पाटलाचाही शब्द चालत नसे.

त्या वर्षी वैशाखात खैरवणला पटकीची साथ आली. सकाळी धडधाकट असलेलं माणूस दिवस मावळेपर्यंत राहत नसे. सावळदऱ्यात अजून कुणाला काही झालं नव्हतं, आणि तीच तर भीती होती. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. कुणाला उचकी लागली तरी शेजारच्या दाराला कडी लागायची. शेवटी रखमाजी पाटलानं सगळ्या गावाला बेलभंडार उचलायला लावला. शिवेच्या आत परकं माणूस घ्यायचं नाही आणि शिवेबाहेर गेलेलं आपलं माणूसही परत घ्यायचं नाही. धोंडनाकानंही लांब उभं राहून शपथ घेतली. पाटील वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. घरात त्याची सहा नातवंडं होती.

चौथ्या दिवशी भर दुपारी खैरवणकडून एक बाई आली. चिमा तिचं नाव, कुंभाराची सून. नवरा दोन दिवसांपूर्वी साथीत गेलेला, आणि हिचे दिवस भरलेले. माहेर सावळदऱ्याच्या पलीकडं होतं आणि वाट सावळदऱ्यातूनच जात होती. ती शिवेच्या दगडापर्यंत आली आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या.

"बाबा, मला काय बी झाल्यालं न्हाई," ती म्हणाली. "निस्ती वाट द्या."

"शपत हाय पोरी," धोंडनाक म्हणाला, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

त्यानं पाण्याचं मडकं काठीनं ढकलत शिवेपलीकडे सरकवलं. ती प्यायली आणि तापल्या मातीत आडवी झाली. धोंडनाक वस्तीकडे जायचा, अर्ध्या वाटेतून परत यायचा. शपथ मोडली आणि साथ आत आली, तर पहिली घरं त्याच्याच वस्तीची जाणार होती. शपथ पाळली तर दोन जीव त्याच्या डोळ्यांदेखत जाणार होते.

त्याची बायको भागू बाळंतपणं करायची. कण्हणं ऐकून ती धावत आली. "मी जाते भाईर," म्हणाली.

"गेलीस तर माघारी येता यायचं न्हाई."

"मंग काय बगत ऱ्हायाचं?"

धोंडनाक पुन्हा वस्तीकडे वळला. भागू चिडली. "शपत तुमी घेतली. दगडानं कुटं घेतलीया?"

असं म्हणतात, धोंडनाक तिथूनच दगडाकडे वळला. मग त्यानं पहार आणली. पहार वाकली. तेव्हा त्यानं दगडाला मिठी मारली आणि म्हणाला, "माझ्या आई, एवढ्या बारीला ऊठ." आणि बारा गड्यांना न हलणारा तो दगड, झोपलेलं पोर आईनं खांद्यावर घ्यावं तसा, त्याच्या खांद्यावर आला. दगड घेऊन तो चिमाच्या बाजूनं पुढं गेला, चाळीस पावलं खैरवणच्या दिशेनं, आणि तिथं त्यानं तो उभा केला. आता चिमा शिवेच्या आत होती. भागूनं तिला उचलून आपल्या झोपडीत नेलं आणि ऊन कलायच्या आत चिमाला मुलगी झाली.

पोरीचं रडणं वेशीपर्यंत गेलं. पाटील माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या हातात गोफणी, आणि सगळे लांब उभे.

"धोंड्या, शपथ मोडलीस?"

"न्हाई पाटील. शिवेच्या आत परकं कुणी आल्यालं न्हाई. शीव तिच्या पल्याड हाय."

"तिथं कधी होती शीव?"

"मी चालतो. मग तर झालं?"

धोंडनाकानं नव्या जागेची माती डोक्यावर घेतली आणि सगळ्या गावादेखत नवी शीव चालून दाखवली. पाटलानं बजावलं की नऊ दिवस वाट बघू. तू पडलास तर तू खोटा, आणि मग त्या बाईला पोरीसकट शिवेबाहेर काढायचं. त्या उन्हात ओली बाळंतीण कुठवर पोचली असती, ते तुम्हीच समजा.

धोंडनाक त्या दगडाला पाठ लावून, हातात काठी घेऊन उभा राहिला. गावातून सगळ्यांना दिसावा म्हणून. रोज उजाडलं की माणसं कुसावर चढायची, डोळ्यांवर हात धरून बघायची. उभा आहे म्हटलं की जीव भांड्यात पडायचा, पण तो दुपारपर्यंतच. दुपारी पुन्हा कुणीतरी चढायचं. खैरवणला चितांचा धूर दिसत होता. भागू सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन जायची आणि रिकामं फडकं घेऊन यायची. जवळ कुणाला जाऊ द्यायची नाही. जेवला का म्हणून विचारलं तर "जेवले" एवढंच म्हणायची आणि खाली मान घालून जायची.

नवव्या दिवशी दिवस मावळला. साथ गावात आली नव्हती. चिमा आणि तिची पोर सुखरूप होत्या. पाटील नारळ घेऊन स्वतः दगडापाशी गेला. "धोंडनाका, तू खरा," म्हणाला आणि त्यानं धोंडनाकाच्या खांद्यावर हात ठेवला. उभ्या जन्मात त्यानं धोंडनाकाला पहिल्यांदा शिवलं. हात लागताच धोंडनाक पडला.

असं म्हणतात, तो तिसऱ्याच दिवशी गेला होता. कुणी म्हणतं पटकीनं, कुणी म्हणतं दगडाच्या ओझ्यानं. मेल्यावरही मुदत संपेपर्यंत तो पडला नाही.

एकानं पुढं होऊन धोंडनाकाच्या पायाला हात लावला. "पाटील, अंग गार हाय. आधीच गेलाय ह्यो. नऊ दिसांच्या आत गेला म्हंजे..."

पाटलानं भागूकडे पाहिलं. भागूच्या कडेवर चिमाची पोर होती. मागं सगळं गाव उभं होतं, नियम त्यानंच घातला होता आणि शपथही त्यानंच उचलायला लावली होती.

"आत्ता गेला," पाटील म्हणाला. "माझ्या हाताखाली गेला. नऊ दिवस भरल्यावर."

"पर अंग गार..."

"सांजचा वारा हाय."

वैशाखातला वारा कसला गार असतो? पण उलट कुणी बोललं नाही. भागू तेव्हा कुठं रडली. सहा दिवसांचं रडणं तिनं त्या एका सांजेला रडून घेतलं.

तो दगड आजही चाळीस पावलं पुढंच आहे आणि खैरवणवाल्यांनी कधी तक्रार केली नाही. दर वैशाखात गाव त्याच्यापाशी जेवतं. पहिलं पान धोंडनाकाच्या घरच्यांचं. सुरुवातीला कित्येक वर्षं त्यांची पंगत वेगळी, लांब बसायची, हेही सांगितलं पाहिजे. दगड एका दुपारी हलला, गावाला हलायला चार पिढ्या लागल्या आणि ते सांगताना मला लाज वाटते. आता पंगत एकच बसते. आणि भरल्या पंगतीत कुणी उशिरा आलं, घरचं असो, वाटसरू असो, कुठून आलं ते माहीत नसो, तर जागा नाही असं सावळदऱ्यात म्हणत नाहीत. टोकाला बसलेलं कुणीतरी हाक देतं, "शीव सरकवा," आणि सगळे आपापलं पान उचलून थोडं थोडं सरकतात.