अकरा मुखवट्यांचा धनी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा जहाजे वाऱ्याच्या मर्जीने चालत आणि माणसे साडूच्या ईर्ष्येने.

कोकणातला एक कापडाचा व्यापारी समुद्रापार आफ्रिकेत, एका नदीकाठच्या गावात जाऊन राहिला होता. धंदा बरा चालला होता, पण जीव अडकला होता घरच्या ओसरीत. त्याच्या साडूने कुठल्याशा बंदरातून चंदनाचा एक हत्ती आणला होता आणि गेली बारा वर्षे तो येणाऱ्याजाणाऱ्याला तोच दाखवत होता. व्यापाऱ्याने ठरवले, आपण असे काही न्यायचे की त्या हत्तीकडे कुणी ढुंकूनही पाहू नये.

या गावात लाकडाचे अकरा मुखवटे होते. ससा, घुबड, मगर, बोळकी आजी, असे एकाहून एक. व्यापारी पाहताक्षणी खुळावला. कापड देऊन तो एकेक मुखवटा मागू लागला आणि नवल म्हणजे कुणी नाही म्हणेना! मगरीचा मुखवटा देणाऱ्या लंगड्या माणसाने तर त्याला मिठीच मारली. कापडही घेतले नाही.

मुखवटे कोरणारा म्हातारा तेवढा दर वेळी काठी टेकत यायचा.

“बस लेका. मुखवटा नेण्याआधी त्याची गोष्ट ऐकायची असते.”

“नंतर, बाबा, नंतर. दुकान उघडं टाकून आलोय.”

पण ऊस गोड लागला म्हणून कुणी तो मुळासकट खातो का? या गृहस्थाने खाल्ला. वर्ष सरेपर्यंत अकराच्या अकरा मुखवटे त्याच्या भिंतीवर होते.

वारा फिरायला आला. गलबत पाच दिवसांनी सुटणार होते. व्यापारी गवतात मुखवटे गुंडाळत होता, तेवढ्यात दाराशी ढोल वाजले. सारा गाव आला होता.

“चला, पाहुणे,” म्हातारा म्हणाला. “पेरणीचा सण आला. सशाच्या मुखवट्याचा धनी उंच काठ्यांवर चढून शेतभर नाचतो. त्याशिवाय बी पेरत नाहीत.”

“धनी? म्हणजे मी?”

“तूच की! आजीच्या मुखवट्याचा धनी गावाला जेवू घालतो. घुबडाचा धनी वर्षभराची भांडणं मिटवतो. मगरीचा धनी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून मगरींना बजावतो, यंदा आमच्या पोरांच्या वाटेला जायचं नाही.”

“आणि मगरी ऐकतात?”

सगळ्यांनी लंगड्या माणसाकडे पाहिले. लंगड्याने आभाळाकडे पाहिले.

“आम्हाला वाटलं, केवढा हा दिलदार माणूस,” एक बाई डोळे पुसत म्हणाली. “अकरा घरांची कामं एकट्यानं अंगावर घेतली!”

व्यापाऱ्याला दरदरून घाम फुटला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली. “घ्या तुमचे मुखवटे परत! मला घरी जायचंय हो!”

“जा की,” म्हातारा म्हणाला. “मात्र धनी आपली कामं टाकून जात नाही. प्रत्येक मुखवट्याला नवा धनी बघायचा, त्याला समोर बसवून गोष्ट सांगायची आणि त्यानं आपखुशीनं हो म्हणायला हवं.”

गोष्ट! व्यापाऱ्याला एकही ठाऊक नव्हती.

तो काठ्यांवर चढला आणि भोपळ्याच्या वेलात पडला. त्याने जेवण घातले, तर कोठीतला तांदूळ संपला. घुबड होऊन त्याने दोन सासवांचे भांडण मिटवले, तेही दोघींनी मिळून त्यालाच झोडपले तेव्हा. मगरींपुढे तर त्याच्या तोंडून रामरक्षेखेरीज काही फुटेना. आणि तिकडे गलबत त्याला न घेताच निघून गेले. त्या दिवशी किनाऱ्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

मग मात्र तो उठला आणि म्हाताऱ्यापुढे मांडी घालून बसला. “सांगा, बाबा. पहिल्यापासून.”

वर्षभर त्याने गोष्टी ऐकल्या, घोकल्या आणि दारोदार सांगितल्या. हळूहळू अकराही मुखवट्यांना नवे धनी मिळाले. निघताना म्हाताऱ्याने एक नवाकोरा मगरीचा मुखवटा पुढे केला.

“तुमच्याकडे मगरी आहेत?”

“खाडीत आहेत की.”

“मग ने. आता तुला गोष्ट येते.”

व्यापारी घरी आला. ओसरीवर तो एकच मुखवटा टांगला. दुसऱ्याच दिवशी साडू हजर! मुखवटा पाहून त्याचा चेहरा पडला. चंदनाच्या हत्तीचे दिवस संपले, हे त्याला कळून चुकले.

“हा मला द्या. हवं तर माझा हत्ती घ्या.”

“बसा, साडूभाऊ. आधी याची गोष्ट ऐका.”

“गोष्ट नंतर!”

“अहो, ऐकावीच लागते.”

“नंतर म्हटलं ना!” साडूने मुखवटा काखोटीला मारला आणि धूम ठोकली.

व्यापाऱ्याने तिसऱ्यांदा सांगायला हाक मारली, पण साडू वळणापलीकडे गेला होता. मग व्यापाऱ्याने ती गोष्ट गावाला सांगितली आणि पेरणीच्या आदल्या दिवशी सारा गाव आणि ढोल घेऊन तो साडूच्या दारात गेला. त्या संध्याकाळी खाडीत, गळ्याइतक्या पाण्यात, कुणीतरी मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होते.

तात्पर्य: वस्तू हवी, तर तिच्यामागचे कामही आधी विचारून घ्यावे.