मालकाला वाट कशाला?

शंखद्वीप हा चिमुकला बेटदेश. शेती नव्हती, बंदरावरच सगळ्यांच्या चुली पेटायच्या. पाहुण्यांची जहाजं खडकांतून आपणच आत न्यायची, ही तिथली रीत. एकदा बादशहाचा सरदार आला, तेव्हा बेटावरचा धाकू तांडेल त्याच्या जहाजाच्या सुकाणूवर बसला.

ऐन खडकांत सरदाराने नकाशावर अंगठा टेकवला. "एवढ्याने झाकतो तुमचा देश! आजपासून बंदर आमचं."

ओहोटी लागली होती. धाकूने नांगर टाकून सुकाणू सोडलं.

"अरे, थांबलास काय? पाणी उतरतंय, जहाज खडकावर बसेल!"

"सरकार, वाट पाहुण्याला दाखवतात. घरमालकाला ती ठाऊकच असणार."

सरदाराने खडकांकडे पाहिलं आणि अंगठा उचलला.

"तांडेल, आम्ही पाहुणेच बरे."