पहिला नंबर हरलेल्याचा

त्या मुलखात वाळल्या भोपळ्याचा खेळ होता. दोन कळप शिंगे रोखून एकमेकांना रेटत आणि भोपळा समोरच्या राखेच्या रेघेपार नेत. खेळ झकास होता, पण निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असे. दरवर्षी नव्या दमाचे रेडे, एडके नि खोंड थेट गव्याच्या कळपात शिरत आणि गवाच जिंकत असे.

खेळाचा कारभार साळिंदराकडे होता. बिचाऱ्याने स्वतः कधी भोपळ्याला अंग लावले नव्हते; लावले असते तर भोपळाच फुटला असता. पण खेळावर त्याचा फार जीव. राखेची रेघ तो दुसऱ्या कुणाला ओढू देत नसे.

हळूहळू झाडांवर बसून खेळ बघणारी वानरे कमी झाली. दोन कळप मोडले. खेळ डोळ्यांदेखत मरतो आहे हे साळिंदराला सहन होईना. त्याने सभा बोलावली. "यापुढे नवे गडी ओळीने निवडायचे," तो म्हणाला. "जो तळाला राहिला, तो आधी निवडेल."

गवा खो खो हसला. "घाम आम्ही गाळायचा आणि चांगला गडी तळाच्या त्या चिखलवाल्यांनी न्यायचा? जमणार नाही!"

एकानेही नकार दिला की नियम बारगळे, अशी तिथली रीत होती. साळिंदर वाद घालत बसला नाही.

शेवटच्या सामन्याला त्याने रेघ ओढली, भोपळा मधोमध ठेवला. गवा ऐटीत आला. समोर कोणीच नव्हते. उरलेल्या कळपांनी मार खायला येणे सोडून दिले होते. गव्याने एकट्यानेच भोपळा रेघेपार ढकलला आणि मान वर करून पाहिले. झाडावर एक म्हातारी वानरीण उवा मारत बसली होती.

"जिंकलात, दादा," साळिंदर म्हणाला.

गव्याने भोपळा शिंगाने ढकलत पुन्हा मधोमध आणला. मग म्हणाला, "बोलव सगळ्यांना. तुझा नियम मान्य."

तिसऱ्याच वर्षी चिखलातल्या कळपाने बाजी मारली! मोडलेले कळप पुन्हा उभे राहिले. कोण जिंकेल यावरून वानरांच्या घराघरांत भांडणे लागली, आणि साळिंदराला तो कलकलाट फार गोड वाटे.

साळिंदर पुरता म्हातारा झाला, त्या वर्षी गव्याचा कळप तळाला गेला. निवडीच्या दिवशी गवा मान खाली घालून आला आणि सवयीने रांगेच्या शेवटी उभा राहिला.

"दादा, तिथे कुठे? पुढे या," साळिंदर म्हणाला. "पहिला नंबर तुमचा."

गवा पुढे झाला तशी वानरांनी आरोळी ठोकली. पुढच्या सामन्याचा भोपळा अजून वेलीवर हिरवाच होता, आणि झाडांवर बसायला जागा उरली नव्हती.