हवेतलं पाळणाघर

पाळणाघराला वीतभर जमीन मिळणार नाही, असं महाराजांनी भर दरबारात सांगून टाकलं. आणि महाराजांचा शब्द म्हणजे शब्द. तो चुकीचा असला तरी फिरत नसे. चुकीचा असला की उलट जास्तच घट्ट बसे.

आता आली का पंचाईत! द्वारकाबाई ढोले मिरचीपेठेतून नगरसभेवर निवडून आली होती ती याच एका वचनावर. तिनं स्वतः वखारीत बसून अर्धा जन्म मिरच्यांचे देठ खुडलेले. बायका खुडत बसत आणि शेजारी पोत्यावर निजवलेली त्यांची पोरं उडणाऱ्या तिखट खकाण्यानं खोकून खोकून लाल होत. पोराचे डोळे पदरानं पुसावेत, तर पदरातही मिरचीच. म्हणून तिनं दारोदार फिरून सांगितलं होतं, मला निवडून द्या, पोरांना स्वच्छ जागा, सांभाळायला दाई आणि दारात पाण्याचा नळ आणते. बायकांनी नवऱ्यांना दटावून मतं टाकायला लावली होती. आता रिकाम्या हातानं पेठेत जायचं तरी कुठल्या तोंडानं?

ती जागची हलली नाही. जमिनीचं कळलं, पण जमिनीच्या वरचं काय, असं तिनं अदबीनं विचारलं.

महाराज मिशीत हसले. "वर हवा आहे. ती घे हवी तेवढी! हवेत पाळणाघर चालवून दाखव, मग दाई काय नि नळ काय, मागशील ते देतो."

दरबार खदखदला. द्वारकाबाई मुजरा करून निघाली.

पुढच्या दरबाराला महाराज आले आणि उंबऱ्यातच थबकले. छताच्या ज्या कड्यांना बिलोरी हंड्या असायच्या, तिथे जुन्या लुगड्यांच्या झोळ्या लोंबत होत्या. झोळीझोळीत पोर. पेठेतल्या बायका दोऱ्या ओढून झोके देत होत्या. एका झोळीतून दिवाणजींच्या पगडीवर बारीक धार लागली होती आणि ते सरकायला जागा शोधत होते. दारावरचा जमादार गयावया करत सांगू लागला, की हवा सरकारांनीच दिली असं ही बाई म्हणाली, आणि ते तर साऱ्या दरबारानं ऐकलेलं.

"हवा दिली, पण ती माझ्याच दरबारातली?" महाराज गरजले.

"पेठेतली घेऊन बघितली, सरकार. तिच्यात मिरची निघाली. चांगली हवा तेवढी इथंच सापडली."

"आधी ही पोरं खाली उतरव."

"उतरवते की. पण ठेवू कुठं? खाली सगळी आपली जमीन. एकेकाला वीतभर तरी लागणार, आणि तेवढीही द्यायची नाही हा आपला शब्द."

महाराजांनी वर झोळ्यांकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. शेवटी त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "म्हणजे मी माझा शब्द मोडावा म्हणतेस?"

"छे, शब्द कशाला मोडायचा? वीतभर देणार नाही म्हणालात ना, मग वीतभर नका देऊ. चार बिघे द्या."

महाराज असे हसले, असे हसले, की झोळ्यांतली निम्मी पोरं दचकून उठली आणि त्यांनी सूर धरला. त्या गोंगाटातच हुकूम सुटले. राजबागेमागची चार बिघे जागा मिळाली, दाई मिळाली, नळ मिळाला आणि दिवाणजींना नवी पगडी मिळाली.