वाढलेली साखळी

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका कारखान्यात दोन साखळ्या होत्या, एकाच भट्टीतून निघालेल्या जुळ्या बहिणी. धाकटी रोज यारीवर लटकून अवजड ओझी उचलायची. थोरली अडीनडीला म्हणून खुंटीवर असायची.

एके सकाळी धाकटीनं अंग ताणून पाहिलं, तर ती थोरलीपेक्षा चांगली दोन बोटं लांब भरली.

"ताई, बघ, मी वाढले! तू बस खुंटीवर शोभेला!"

"अगं वेडे, लोखंड कधी वाढतं का?" थोरली म्हणाली. "ते झिजतं, तेव्हाच लांबतं. आज गिरणीचं मोठं चाक उचलायचंय, आणि खाली यमाजी मिस्त्री उभे राहणार आहेत."

"जळतेस झालं!" धाकटी फणकारली. पण तिनं हळूच स्वतःकडे पाहिलं. कडीत कडी घासत होती तिथे खरंच खोल खाच पडली होती.

तेवढ्यात यमाजी मापाची काठी घेऊन आले. ओझं उचलण्याआधी साखळी जमिनीवर पसरून मापायची, हा त्यांचा रोजचा नेम. धाकटीला वाटलं, एका कडीला जरासा पीळ दिला तर काठीला काही कळणार नाही. मग तिची नजर यमाजींच्या उघड्या टकलावर गेली, आणि ती होती तेवढी लांब, सरळ पसरली.

"दमलीस गं बाई," यमाजी म्हणाले.

चाक थोरलीनं उचललं. धाकटी त्या दिवसापासून कारखान्याच्या फाटकाला लागली. रोज संध्याकाळी यमाजी तिला अडकवून घरी जायचे, आणि त्यांच्यामागे ती ऐटीत फाटक धरून बसायची.